तो फोटो मुनीरचा आहे

मुनीर फोटोवाला खोटं बोलतो, हे कळमनुरीत कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. नवीन बदलून आलेल्या तलाठ्यालाही ते पहिल्या आठवड्यात कळायचं. इसापूरच्या धरणावर आपण बिबट्याचा फोटो काढला आणि उजेड नीट पडावा म्हणून बिबट्यानं मान वळवून दिली, असं तो सांगे. एका मंत्र्यानं स्वतःचा पासपोर्ट फोटो बघून डोळ्यांना रुमाल लावला होता, हेही सांगे. कोणता मंत्री, असं विचारलं तर म्हणे, "नाव काहून घेऊ? आदमी खुर्चीवर हाय अजून." माझ्या माहितीत तरी तो आदमी त्या खुर्चीवरून कधी उतरला नाही.

गावानं त्याच्या ज्या ज्या गोष्टी खोट्या मानल्या, त्यातली एक खरी होती. ती खरी आहे हे फक्त त्याला आणि मला ठाऊक आहे, असं मी अनेक वर्षं समजत होतो. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि जोडीला एका वर्तमानपत्राचा वार्ताहर होतो. गावात माझ्या शब्दाला वजन होतं. मुनीरच्या शब्दाला नव्हतं. सगळं प्रकरण एवढ्यावरच उभं राहिलं.

जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडाशी त्याचा नूर फोटो स्टुडिओ. दार इतकं अरुंद की नवरा-नवरी फोटोला आले तर एकामागून एक आत जायचे. मुनीर उंच, काटकुळा, अंगात बारा महिने बिनबाह्यांचं जाकीट, आणि त्याच्या खिशांत फिल्मच्या रिकाम्या डब्या. एका डबीत सुपारी, एकीत लवंगा, एकीत खरोखरची फिल्म. कोणती कोणती, हे त्याला न बघता कळायचं असं तो म्हणे. पण एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या मामाला सुपारी म्हणून फिल्म देऊ केलेली मी पाहिली आहे.

फोटोला बसलेल्या माणसाला तो 'स्माइल' कधी म्हणाला नाही. "हसू नका. कोणाला तरी आठवा," म्हणायचा. कोणाला आठवू, असं विचारलं की, "ते माझं काम न्हाई." माणूस विचारात पडला की बटण दाबायचा. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या एका पिढीच्या ओळखपत्रांवर सगळे जण काहीतरी हरवल्यासारखे दिसतात.

त्याचं खरं काम मात्र हाजींचं. हजला जाणारे लोक निघण्याआधी त्याच्याकडे यायचे. पुरुष सोबत एहराम आणायचे, म्हणजे हजच्या वेळी अंगावर घ्यायचे न शिवलेले दोन पांढरे कपडे. ते कसे गुंडाळायचे याची तालीमही स्टुडिओतच व्हायची. मोंढ्यातला अडत दुकानदार असो की त्याच्याच दुकानातला हमाल, त्या दोन कपड्यांत कोण कोणता ते ओळखू येत नसे. मागे चुन्यानं रंगवलेली भिंत. मुनीर मुद्दाम पांढऱ्यासमोर पांढरं बसवायचा, आणि तेही ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर. सगळं गाव कलरमागे लागलं, पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, तरी हाजींचा फोटो त्यानं रंगीत काढला नाही.

"कपडा सफेद, दिवार सफेद, दाढी सफेद," तो छाती पुढे काढून म्हणायचा. "आता ह्याच्यातून माणूस काढून दाखवा. हैदराबादेतून कोणालाबी बोलवा."

तो माणूस कसा काढायचा, ते मी एकदा त्याच्या डार्करूममध्ये पाहिलं. डार्करूम म्हणजे घरातलं जुनं न्हाणीघर. लाल दिवा, तीन थाळ्या, आणि वरून कागदावर पडणारा निगेटिव्हचा उजेड. त्या उजेडाखाली तो आपली लांब बोटं हलवत होता, झोपलेल्या लेकराच्या तोंडावरची माशी हाकलावी तशी. जिथं सावली हवी तिथला हात काढायचा, जिथं कपडा उजळ राहायला हवा तिथं हात धरायचा. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं. तो ओठांत दुरूद पुटपुटत होता. पैगंबरांसाठी म्हणायची ती दुआ. हा चेहरा एका दुरूदचा, तो दोन दुरूदचा, असा त्याचा हिशोब. घड्याळ का वापरत नाहीस, असं मी विचारलं. म्हणाला, "घड्याळ बंद पडतं, सर."

हाजी परत आला की त्याला पुन्हा त्याच स्टुलावर, त्याच भिंतीसमोर बसवायचं आणि दुसरा फोटो काढायचा, हा त्याचा नेम. दोन्ही फोटो एका चौकटीत, शेजारी शेजारी. आधीचा आणि नंतरचा. लोक त्या चौकटींसमोर उभे राहून फरक शोधत. मोंढ्यातले एक सेठ हज करून आले, त्यांची जोडी लागली, आणि ते तक्रार घेऊन आले की दोन्ही फोटो सारखेच आलेत. मुनीरनं चष्मा वर सरकवून दोन्हींकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "फोटो बराबर आलेत, सेठ. तुमीच परत जाऊन या."

सेठ वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी आपणहून आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, काढ. तो तिसरा फोटो मुनीरनं जोडीतल्या दुसऱ्याच्या जागी लावला. मधे काय झालं, असं मी विचारलं, तर म्हणाला की सेठनी शेजाऱ्यासोबतचं भिंतीचं भांडण मिटवलं. वर मलाच विचारलं, फोटोत दिसून राहिलं ना? मला काही दिसत नव्हतं, पण मी हो म्हणालो. त्याला कोणीतरी हो म्हटलेलं फार आवडायचं.

बढाईच्या खाली एक भीतीही होती. त्याचे वडील मशिदीत बांग द्यायचे. चित्र काढणाऱ्याला कयामतीच्या दिवशी सांगितलं जाईल की आता यात जीव भर, असं त्यांचं म्हणणं, आणि या कारणानं ते मुलाच्या स्टुडिओची पायरी कधी चढले नाहीत. त्यांचा एकही फोटो मुनीरकडे नाही. हे मला सांगताना तो गंभीर झाला होता, आणि लगेच त्याला ते सहन झालं नाही. "मला इचारलंच तर म्हणेन, साहेब, जरा जवळून बघा, हाय की जीव." एवढं बोलून त्यानं स्वतःच दोन्ही कान पकडले. तौबा, तौबा. पण कान सोडल्यावर माझ्याकडे बघून विचारलंच, "पण सर, हाय ना?"

आता तो फोटो.

त्या काळी आमच्याकडचे हाजी एसटीनं नांदेडला जात, तिथून रेल्वेनं मुंबईला. त्या वर्षी रहीमबी नावाची एक म्हातारी भावासोबत हजला निघाली होती. बाळंतपणाला अर्ध्या गावातून तिला बोलावणं असे. तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे जवळच्या बंजारा तांड्यावरची सोनाबाई. दोघींनी मिळून तांड्यावरची कितीतरी लेकरं या जगात आणली होती. रहीमबी फोटो काढून घेत नसे. मुनीरनं फार गळ घातली, तेव्हा तिनं सांगितलं की माझं तोंड येता कामा नये. मुनीरनं शब्द दिला की येणार नाही.

स्टँडवर गर्दी मावत नव्हती. खिडक्यांच्या गजांतून हात आत जात होते, हात बाहेर येत होते. जो तो हाजींना आपल्यासाठी दुआ मागायला सांगत होता. तोंड न येता फोटो काढायचा तर वरून काढावा लागणार, म्हणून मुनीर शेजारच्या एसटीच्या मागच्या शिडीवरून टपाकडे चढला. तिथून घसरला आणि खाली पेरूची पाटी घेऊन बसलेल्या बाईच्या पाटीत पडला. पेरू स्टँडभर झाले. हा सगळा प्रसंग गावानं डोळ्यांनी पाहिला आणि वर्षानुवर्षं सांगितला.

मी त्या वेळी कुठं होतो? माझा कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि मी स्टँडच्या कँटीनमध्ये चहा पीत होतो.

दुसऱ्या दिवशी मुनीरनं मला एक प्रिंट आणून दिली. एसटीची खिडकी वरून दिसते. गजांतून एक म्हातारा हात बाहेर आलाय, पांढऱ्या बाहीतला. त्याला खालून दुसऱ्या हातानं घट्ट धरलंय, आणि त्या हातात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. आरसे लावलेल्या ओढणीचं एक टोक. चेहरा एकही नाही. मी बातमी लिहिली, प्रिंट पाकिटात घातली आणि पाकीट नेहमीसारखं नांदेडच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं. प्रिंटच्या मागे फोटोग्राफरचं नाव लिहायचं असतं. मी लिहिलं नाही. विसरलो असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. विसरलो नव्हतो. पेन हातात होतं.

पेपरात फोटो मोठा आला. खाली 'छाया' आणि पुढे माझं नाव. मुनीर पेपर घेऊन घरी आला तेव्हा अजून हसत होता. त्याला वाटलं छापणाऱ्यांची चूक आहे. मी म्हणालो, पुढच्या वेळी बघू. पुढे मुंबईतल्या एका संस्थेनं तो फोटो पेपरातून उचलला, बक्षीस दिलं, आणि मी जाऊन ते घेतलं. मंचावर मला विचारलं की चेहरे वगळण्याचं तुम्हाला कसं सुचलं. मी मराठीचा मास्तर. मी म्हणालो, निरोपाच्या दुःखाला चेहरा लागत नाही. टाळ्या पडल्या. एका बाईला दिलेला शब्द पाळायला एक माणूस टपावर चढला होता, हे मी सांगितलं नाही.

मग मुनीर बोलू लागला. हॉटेलात, मोंढ्यात, लग्नाच्या मांडवात, तो फोटो माझा आहे, सर चोर आहेत, असं सरळ म्हणायचा. लोक हसायचे. बिबट्या तुझा, मंत्री तुझा, आता हेही तुझंच का? तू तर पेरूत पडला होतास, फोटो कधी काढलास? कोणी मला येऊन विचारलं, काय सर, मुनीर असं असं म्हणून राहिला, तर मी किंचित हसायचो आणि म्हणायचो, "असू द्या." या दोन शब्दांनी मी त्याला जितकं खोटं पाडलं तितकं भांडूनही पाडू शकलो नसतो. लोक म्हणायचे, सरांचं मन मोठं.

अशी वर्षं गेली. मी निवृत्त झालो, रहीमबी केव्हाच वारली, मुनीरची दाढी त्याच्या भिंतीइतकी पांढरी झाली. तरी रस्त्यात भेटला की "जयभीम, चोरसाहेब," म्हणायचा आणि मीही "सलाम, मुनीरभाई," म्हणायचो. ती थट्टा आहे असं बघणाऱ्यांना वाटे.

मग अलीकडे एका वर्षी त्याचा हजचा नंबर लागला. ज्यानं सगळ्या तालुक्याचे हाजी कागदावर उतरवले, तो स्वतः आता निघाला होता.

हजला जाण्याआधी माणसं घरोघर जाऊन माफी मागतात. कहासुना माफ करा, म्हणजे बोललं-चाललं असेल ते माफ करा, असं म्हणतात. मुनीरचं बोललं-चाललं पुष्कळ होतं, म्हणून त्याला पुष्कळ फिरावं लागलं. तो तलाठ्याकडे गेला, सेठकडे गेला, पेरूवालीच्या सुनेकडेही गेला. एका संध्याकाळी तो आमच्या घरी आला. मी ओसरीवर होतो, बायको आत चहा ठेवत होती. तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला,

"सर, तुमाला मी गावभर चोर म्हणलं. इतकी वर्षं म्हणलं. माफ करा."

मला वाटलं हा टोमणा आहे. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता. त्याला रिकामं होऊन जायचं होतं, आणि रिकामं व्हायला त्यानं आपली खरी गोष्टसुद्धा खाली ठेवली होती.

मी म्हणालो, "माफ केलं."

तो चहा पिऊन गेला. बायको कप उचलताना म्हणाली, बिचारा. पण तुमचं मन मोठं म्हणून तुम्ही एका शब्दात माफ केलं. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला बसवेना. मी तिला सगळं सांगितलं. कँटीन, चहा, पेन, मंच. ती कप हातात धरून उभी राहिली. रागावली नाही. तिनं एकच विचारलं,

"म्हणजे तो आता तिकडं जाऊन ह्याची तौबा करणार? खऱ्याची?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो तिथं, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या जागी उभा राहून, जे पाप त्यानं केलंच नाही त्याची माफी मागणार होता. आणि ती मागायला मी त्याला लावलं होतं.

"मला सांगून काय होतंय," बायको म्हणाली. "तुमी त्याला गावासमोर खोटं पाडलं. गावासमोरच सांगा. तो जायच्या आधी."

निघायचा दिवस दोनच दिवसांवर होता. मी एकदा त्याच्या घरापर्यंत जाऊन परत आलो. तिथं एकट्यात सांगणं सोपं होतं, पण त्यानं माझंच मन मोकळं झालं असतं.

हाजींची गाडी स्टँडसमोरच्या मैदानातून निघणार होती. हल्ली एसटी नसते, ट्रॅव्हल्सची बस असते, पण गर्दी तीच. मांडव, माइक, हार, अत्तराचा वास, दुआ सांगणाऱ्यांची रांग. मुनीर नव्या पांढऱ्या झब्ब्यात होता आणि झब्ब्यावर तेच जाकीट. हारांतून त्याचं नाकच तेवढं दिसत होतं. मौलाना साहेबांचं बोलून झालं आणि संयोजकांनी विचारलं की आणखी कोणाला दोन शब्द बोलायचेत का. मी उठलो.  लोकांना वाटलं सर आता शुभेच्छा देतील.

मी फार बोललो नाही. मी म्हणालो, "रहीमबी आणि सोनाबाईच्या हातांचा तो फोटो मुनीरनं काढला. मी त्या वेळी चहा पीत होतो. फोटोखालचं माझं नाव खोटं आहे. मुनीर पहिल्यापासून खरं बोलत होता आणि मी त्याला खोटं पडू दिलं."

 माइकची शिट्टी वाजत होती. मी समोर बघू शकलो नाही. तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातून माइक ओढून घेतला. मुनीर. हार तोंडावरून बाजूला सारून तो सगळ्या गावाकडे बघत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, ग्रुप फोटोआधी बघतो तसा.

"ऐकलं का?" तो म्हणाला. "आता बिबट्याचं बी खरं हाय."

असा हशा मी त्या मैदानात कधी ऐकला नाही. सेठ हसता हसता खुर्चीत मागे कलले. टाळ्या थांबेनात. कोणीतरी मुनीरला उचललं आणि तो हारांसकट लोकांच्या डोक्यांवरून बसच्या दारापर्यंत गेला. मी कडेला उभा होतो. बसच्या पायरीवर पोचल्यावर त्यानं मला हातानं बोलावलं. मी जवळ गेलो आणि म्हणालो, मुनीरभाई, आता तुम्ही मला माफ करा.

त्यानं डोळे बारीक केले. "ते तिकडं जाऊन बघतो," म्हणाला आणि आत चढला.

दीड महिना मी वाट पाहिली. गाव माझ्याशी वाईट वागलं नाही. उलट काहींनी हात हातात घेतला. एक-दोघांनी तोंड फिरवलं, त्यांचं बरोबर होतं. बायको मात्र मजेत होती. रोज सकाळी विचारायची, आला का निकाल?

तो आला तो डोकं तुळतुळीत करून, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी आणि खजूर घेऊन. पहिली अट अशी की यापुढे मुनीर म्हणायचं नाही, हाजीसाब म्हणायचं. मग तिकडच्या गोष्टी सुरू झाल्या. विमानाच्या पायलटनं त्याला बोलावून ढगांचे फोटो कसे काढावेत ते विचारलं, वगैरे. मी ऐकत होतो. मधेच तो थांबला. म्हणाला की काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा कॅमेरा खोलीवर ठेवला होता, कारण हात रिकामे पाहिजेत. लोक मोबाइल वर धरून होते. तो नुसता उभा राहिला.

"आणि काय बोललास?" मी विचारलं.

"काहीच न्हाई, सर. एक लफ्ज आला न्हाई." त्याच्या आवाजात बढाई नव्हती. त्याच्या सगळ्या प्रवासातली ही एक गोष्ट मी विनाशंका खरी धरली.

फोटो त्यानं नंतर काढले, मीना आणि मुझदलिफा या हजमधल्या मुक्कामांवर, तेही मोजक्या रोलवर. घरी येऊन पुन्हा न्हाणीघरात शिरला. त्या फोटोंतला एक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मुझदलिफाचं उघडं माळरान, पहाटेचा उजेड, आणि जमिनीवर झोपलेली माणसं, जिकडं बघावं तिकडं पांढरी. पांढऱ्यात पांढरं, पण एकही माणूस दुसऱ्यात मिसळलेला नाही. प्रत्येकाला आपली सावली आहे. पुढे एक म्हातारा, झोपेत त्याचा हात शेजारच्या अनोळखी माणसाच्या छातीवर पडलाय आणि त्या माणसानं तो तसाच राहू दिलाय. किती दुरूदचा, असं मी विचारलं. म्हणाला, मोजले नाहीत.

माझ्या माफीचा विषय त्यानं काढला नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गावातल्या पोरांनी उर्दू शाळेच्या हॉलमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं. दारावर त्याचं नाव, हाजी या शब्दासकट, एवढ्या मोठ्या अक्षरांत की आत शिरताना मान वर करावी लागे. हाजींच्या जोड्या एका भिंतीवर, मुझदलिफा एका भिंतीवर, आणि मधोमध तो फोटो. खाली फक्त 'मुनीर'. हिंगोलीहून, सेनगावहून लोक आले. वसमतचे एक डॉक्टर आपल्या आजोबांची जोडी शोधत आले आणि आधीच्या फोटोसमोर रडले.

मुनीर त्या मधल्या फोटोशेजारी उभा राहून प्रत्येक गटाला सगळी हकीगत सांगत होता. मी मागे जाऊन उभा राहिलो. तो सांगत होता, "मी कुठला चढतोय वर? ह्या सरांनी सांगितलं. म्हणले, मुनीर, वरून घे, हातच घे. डोकं सरांचं, बोट माझं."

ही त्याची माफी होती. दिली नाही असं दाखवून दिलेली. पण ती खोटी होती, आणि लोक मान डोलवत होते. माझ्याबद्दलचं चांगलं खोटं त्यांना पटकन पटतं. मी पुढे झालो आणि मोठ्यानं म्हणालो की असं काही घडलं नाही, मी कँटीनमध्ये होतो. मुनीर लोकांना म्हणाला, "सर विनयशील हायेत." लोक पुन्हा मान डोलवू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की खरं बोलून खोटं पडणं कसं असतं.

हे सगळं मी लिहायला घेतलं ते त्याच दिवशी.

पण त्या दिवशी सोडवणूक दुसरीकडूनच झाली. दारातून दोन नातींच्या आधारानं एक फार म्हातारी बाई आत आली. अंगावर आरशांची ओढणी, वाळक्या दंडावर पांढऱ्या बांगड्या. सोनाबाई जिवंत आहे हेच आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गावात फोटो कोणाचा यावर वाद चालला होता, आणि ज्या बाईचा हात त्यात आहे तिला तांड्यावर जाऊन कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, मुनीरही नाही.

तिनं फोटो पहिल्यांदाच बघितला. जवळ गेली, डोळे बारीक केले, स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग रहीमबीच्या. कोणीतरी तिला मोठ्यानं विचारलं की आजी, हा फोटो काढला तेव्हा सर कुठं होते?

"सर?" ती म्हणाली. "सर न्हाई दिसले बा. हा लंबू व्हता वर." तिनं मुनीरकडे बोट केलं. "शिडीवरून पाय सुटला ह्याचा. एका हातानं लटकून राहिला, दुसऱ्या हातात ते यंत्र. या अल्ला, या अल्ला करून राहिला. रहीमबीनं आतून बघितलं आन तिला हसू आवरंना. माझा हात असा ओढला. म्हणली, सोने, बघ, बघ तुझ्यामागं. दोघी हसून राहिलो, आन हा पेरूत."

 सगळे पुन्हा फोटोकडे बघू लागले. त्या दोन हातांच्या घट्ट पकडीवर मी मुंबईत निरोपाचं दुःख म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. शाळेत मुलांना निबंध लिहायला दिला होता.

मुनीर फोटोच्या अगदी जवळ गेला. लटकताना बोट दाबलं गेलं की आपण दाबलं, हे त्यालाही नक्की सांगता येत नव्हतं, मला वाटतं. आणि जिचं तोंड न येऊ देण्याचा शब्द दिला होता ती आत काय करत होती, ते त्याला कधी दिसलंच नव्हतं. तो सोनाबाईकडे वळला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"हसत व्हती? जाताना? रहीमबी?"

"व्हय रे," सोनाबाई म्हणाली. "नांदेडपर्यंत हसत गेली असंल."

त्या दिवशी हॉलमधून निघताना मी त्याला पाहिलं ते तसं. एवढा मोठा फोटो, खाली त्याचं नाव, भोवती सगळं गाव, सांगण्यासारखं याहून मोठं काही त्याच्या आयुष्यात घडलेलं नाही, आणि तो सांगत नव्हता. सोनाबाईचा हात धरून, तुळतुळीत डोकं मागे टाकून, दात नसलेल्या तोंडानं तो हसत होता आणि ती हसत होती. पुढच्या गटातले लोक दारात येऊन थांबले होते, त्यांना कोणी काही सांगत नव्हतं, आणि तेही हसू लागले होते.